गोदाकाठची कार्यकारिणी

अकरावीतल्या मुलाला वर्गातली मुलगी आवडू लागली, की तो पहिली गोष्ट काय करतो? तिच्याशी बोलणं बंद करतो. आदल्या आठवड्यापर्यंत तिचं पेन न विचारता उचलणारा, तिच्या डब्यातली भेंडी बिनदिक्कत संपवणारा हा मुलगा ती समोरून आली, की बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. पायात चप्पल असली तरी वाकतो. यापुढचं बोलणं त्याचे मित्र करतात आणि तिच्या बाजूने तिच्या मैत्रिणी करतात. प्रेम दोघांचं असतं, हा कवींनी पसरवलेला गैरसमज आहे. नाशकात तरी ते सहा-आठ जणांची कार्यकारिणी चालवते आणि ज्यांचं प्रेम असतं त्या दोघांना बैठकीत मताचा अधिकार नसतो.

हे मी अभ्यासाने सांगतो आहे. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी गोदापार्कला चालायला जायचं, असं मला डॉक्टरांनी आणि त्यांच्याहून वरच्या आवाजात बायकोने सांगितलं आहे. चालायला आलेला म्हातारा पार्कातल्या बाकासारखा असतो. त्याच्यासमोर कोणी आवाज कमी करत नाही.

तर एका बाकावर एक जोडी बसलेली असते. दोघांच्या मधे आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा, आणि त्या जागेत दप्तर. तो नदीकडे बघतो आहे, ती फोनकडे. तो आमच्याच इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा चिरंजीव. मला पाहताच त्याने नाडी बांधली. खरी बैठक वीस पावलांवर, गुलमोहराखाली चालू होती. तिच्या बाजूने कमरेवर हात ठेवलेली एक मुलगी उभी होती. तिला मी मनातल्या मनात वकीलबाई म्हणतो. याच्या बाजूने हातात हेल्मेट घेतलेला एक प्रवक्ता.

‘‘तिचं म्हणणं आहे, त्याने काल स्टोरी बघितली आणि रिप्लाय दिला नाही.’’

‘‘अगं, त्याचा नेट पॅक संपला होता.’’

‘‘मग स्टोरी बघितली कशी?’’

प्रवक्त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. ‘‘वायफायवर बघितली.’’

‘‘कुणाच्या?’’

‘‘क्लासच्या.’’

‘‘क्लासच्या वायफायचा पासवर्ड फक्त त्या टॉपरला माहितीये. तो तिच्याकडे मागायला गेला होता?’’

इथे खटला फिरला. हेल्मेटवाल्याने अशिलाकडे वळून पाहिलं. अशील नदी बघत होता. मी तोपर्यंत बाकाजवळ पोहोचलो होतो, म्हणून पुढचं दृश्य मला एकट्यालाच दिसलं. मुलीने फोनवरून नजर न काढता दप्तरावरचं वेफर्सचं पाकीट दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवलं. त्याने दोन वेफर्स घेतले. एक खाल्ला आणि दुसरा, काही कारण नसताना, तिला परत दिला. तिने तो खाल्ला. तंटा तिथे मिटला. पण ही बातमी गुलमोहराखाली पोहोचायची काही व्यवस्था नव्हती. मी पुलापर्यंत जाऊन परत आलो, तेव्हाही वकीलबाई त्या टॉपरचा मागच्या वर्षीचा इतिहास काढत होत्या.

कार्यकारिणीत बिनपगारी पदं बरीच असतात. ज्याच्याकडे ॲक्टिव्हा आहे तो आपोआप सदस्य होतो. त्याचा स्वभाव, अक्कल, गुण बघत नाहीत, टाकीत पेट्रोल आहे का एवढंच बघतात. वळणावर उभा राहून कोण येतंय ते बघणारा एक पहारेकरी असतो. आणि एक असा असतो ज्याला काहीच काम नसतं, पण मुलीने अजून ‘हो’सुद्धा म्हटलेलं नसताना तो तिला ‘वहिनी’ म्हणायला लागलेला असतो. निम्मी प्रकरणं या एका माणसामुळे मोडतात. भरगर्दीत लांबून ‘‘भावा, वहिनी आली बघ’’ असं ओरडल्यावर कुठली मुलगी पुढे येईल?

पहिला मेसेज पाठवणं हे या मंडळाचं सगळ्यात अवघड काम. कॉलेज रोडवर शेजारच्या टेबलाशी बसून मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं आहे. मधोमध फोन, त्यावर वाकलेली चार डोकी, कोल्ड कॉफीचे ग्लास बाजूला पाणी सोडत बसलेले. ‘कशी आहेस’ नको, मामा वाटतो. ‘काय चाललंय’ नको, रिकामटेकडा वाटतो. ‘फिजिक्सच्या नोट्स आहेत का’ हा ठराव मंजूर होणार, इतक्यात कोणाला तरी आठवलं, की तिने त्या याच्याच वहीवरून झेरॉक्स केल्यात. पाऊण तासाच्या चर्चेनंतर शेवटी ‘हाय’ गेला. त्यातही शेवटी आय एक ठेवायचा की तीन यावर मतं घेतली गेली. पलीकडे काय झालं असेल तेही मला ठाऊक आहे, कारण माझ्या भाचीची मुलगी या विषयातली जाणकार आहे. लगेच उत्तर द्यायचं नाही, लगेच दिलं तर ‘चीप’ दिसतं. मेसेज न उघडता वरच्या वर वाचायचा, म्हणजे निळी खूण उमटत नाही. मग तो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा आणि आय तीन का आहेत यावर तिकडेही बैठक घ्यायची.

इतकं सगळं पार पडून दोघं एकदाची बोलायला लागली, की बोलतात काय? रात्री अकराला ‘जेवलीस का?’ ‘हो. तू?’ ‘हो.’ ‘काय?’ ‘पोळी-भाजी.’ ‘कसली?’ ‘गवार.’ ‘ईईई.’ ‘तू?’ ‘वरणभात.’ ‘बरं.’ ‘हम्म.’ ‘बोल ना.’ ‘काय बोलू?’ ‘काहीही.’ ‘तू बोल.’ हे रोज चालतं, महिनोन्‌महिने चालतं. नाशिक जिल्ह्यात कोणत्या घरी कोणत्या दिवशी कुठली भाजी झाली, याची इतकी बारीक नोंद बाजार समितीकडेही नसेल. पण म्हणून यात काही अर्थ नाही असं समजू नका. सगळा अर्थ न बोललेल्यात असतो. ‘काही नाही’ म्हणजे पुष्कळ काही आहे, आणि ते तुला न सांगता कळायला हवं होतं. ‘ठीक आहे’ म्हणजे ठीक नाही. ‘जा ना मग’ हे वाचून जो खरोखर जातो, तो सकाळी उठतो तेव्हा ब्लॉक झालेला असतो.

हे शास्त्र मोबाइलबरोबर आलं, असं पालकांना वाटतं. ते याच नदीच्या काठचं, सातवाहनांच्या काळचं आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती कपाटात असेल तर काढा. नसेल तर वाचनालयात विचारा, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची जाडजूड मराठी आवृत्ती केली आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांमध्ये प्रेमात पडलेली माणसं एकमेकांशी थेट बोलताना क्वचितच सापडतात. मैत्रीण बोलते, आत्या ऐकते, दूती निरोप नेते, सासू कान टवकारते आणि तिसऱ्याच वाटसरूला भलतंच काहीतरी सांगितलं जातं. भेटीच्या जागा म्हणजे साळीचं शेत, तागाचं शेत आणि नदीकाठची जाळी. साळ पिकून पांढरी पडू लागते तशी एक मुलगी मान खाली घालून रडते. कापणी झाली की आडोसा गेला! तिची मैत्रीण तिची समजूत घालते, की रडू नकोस, ताग अजून उभा आहे. आमच्या वकीलबाईंची ती थेट पूर्वज.

त्यातली सगळ्यात गाजलेली गाथा तर गोदावरीच्याच काठची. एक धार्मिक गृहस्थ तिथे फिरायला येतात आणि हिची भेटीची जागा नेमकी तीच. तिथलं एक कुत्रं त्यांच्यावर भुंकतं. ही मुलगी गृहस्थांना काकुळतीने सांगते, की आता निर्धास्त हिंडा, त्या कुत्र्याला गोदाकाठच्या जाळीतल्या सिंहाने मारून टाकलंय. झालं, गृहस्थ पुन्हा कशाला फिरकतात! नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाला ही गाथा इतकी आवडली, की बोलण्यात ‘या’ आणि मनात ‘येऊ नका’ असं कसं असतं, हे दाखवायला त्याने ध्वन्यालोकात तिचंच उदाहरण घेतलं. काव्यशास्त्राचे विद्यार्थी ते अजून पाठ करतात. या उदाहरणात त्या धार्मिक गृहस्थांचं पुढे काय झालं, याची चौकशी मात्र हजार-बाराशे वर्षांत कोणी केली नाही.

ती मी करू शकतो, कारण एके दिवशी मीच तो गृहस्थ झालो. आनंदवल्लीच्या अंगाला जिथे झाडी जरा दाट होते तिथे वळणावर पहारेकरी उभा होता. त्याने अत्यंत आदराने मला थांबवलं.

‘‘काका, पुढे जाताय? जा ना, बिनधास्त जा. ते काळं कुत्रं लोकांच्या मागे लागायचं ना, ते आता नाहीये.’’

‘‘कुठे गेलं?’’

‘‘बिबट्याने नेलं म्हणतात.’’

मुलगा अकरावी सायन्सचा. प्राकृत त्याच्या मागच्या सात पिढ्यांत कोणी वाचलं नसणार. तरी त्याने कुत्र्यापासून श्वापदापर्यंत एकही पायरी चुकवली नव्हती. मला सगळी गाथा, आनंदवर्धन, जोगळेकर असं क्रमाने आठवलं आणि तो साफ खोटं बोलतो आहे याबद्दल तिळमात्र शंका उरली नाही. तरीही मी मागे फिरलो. सातवाहनांच्या काळी गोदाकाठी सिंह होता की नव्हता ते विद्वान ठरवोत. नाशकात बिबट्या आहे. २०१९च्या जानेवारीत तो गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बंगल्यांच्या आवारात शिरला होता आणि त्याला बघायला सगळं गाव लोटलं होतं. निफाड-सिन्नरकडे तर ऊसतोड सुरू झाली, की फडातून बिबट्याची पिल्लं निघतात. म्हणजे कापणीने आडोसा जाण्याचं दुःख आता बिबट्यांनाही आहे. अशा जिल्ह्यात कोणी बिबट्याची थाप मारली, तर ती थाप आहे हे ओळखूनही माणसाला घरचा रस्ता धरावा लागतो. गाथेतल्या मुलीला एवढी सोय नव्हती.

आडोशाचा प्रश्न या मुलांना खरोखरच मोठा आहे. नाशिक महानगर आहे असं महापालिका म्हणते. चोरून भेटायला निघालेल्या जोडीला विचारा, ते एकच मोठा वाडा आहे. कॉलेज रोडवर एचपीटी-आरवायकेच्या फाटकासमोर दहा मिनिटं उभं राहा, एक तरी मावशी, आईची भिशीतली मैत्रीण किंवा बाबांच्या कंपनीतले पाटीलकाका गेलेच पाहिजेत. मुली यावर उपाय म्हणून स्कार्फ बांधतात. तो असा बांधतात, की वर गॉगल लावल्यावर जन्मदात्या आईलाही चेहरा ओळखता येऊ नये. आई चेहरा बघतच नाही. तिला एमएच १५च्या पुढचा आपल्या गाडीचा सगळा नंबर पाठ असतो, आणि दिवाळीत फाटकाला घासून डाव्या बाजूला पडलेला ओरखडाही. एवढं करून मुलगी ओळखूच आली नाही, तर मागे बसलेल्याने धरलेली पाण्याची बाटली ओळखू येते, कारण ती घरची असते.

लांब जावं तर तिथेही मंडळी हजर. सोमेश्वरच्या धबधब्यावर गेलेल्या एका जोडीला मुलीची मावशी भेटली. मावशी त्या वेळी ऑफिसात असायला हवी होती. दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे पाहिलं, काही न बोलता तह झाला आणि माझ्या माहितीप्रमाणे तो आजतागायत पाळला जातो आहे. पांडवलेणी त्यातल्या त्यात बरी. पायऱ्या चढून कुठला पाटीलकाका वर येणार? पण वर पोहोचेपर्यंत या दोघांनाही बोलायला दम उरत नाही. मग बोलण्याऐवजी कोणीतरी दगड उचलून भिंतीवर नाव कोरतो. हा निव्वळ गाढवपणा आहे आणि त्याबद्दल मला काही विनोद करायचा नाही. एवढंच सांगतो, की तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आणि त्याची बायको दक्षमित्रा या जोडप्याची नावं कोरलेली आहेत. त्याने लेणं दान दिलं होतं, तिने राहण्याची खोली. ज्याला नाव कोरायची हौस आहे त्याने आधी एक लेणं खोदून द्यावं, एवढीच अट ठेवली तरी डोंगर वाचेल.

मिसळीचा उल्लेख नाशिकचा माणूस टाळू शकत नाही, म्हणून करतो: पहिल्या भेटीला मिसळ खाऊ नये. रस्सा तिखट, तर्री लाल, आणि तिसऱ्या घासाला दोघांची नाकं वाहू लागली, की ज्या चेहऱ्यासाठी एवढी कार्यकारिणी राबली तो चेहरा राहत नाही. शिवाय मिसळीला दोघं जात नाहीत, आठ जातात, आणि जादा पावाचे पैसे याला द्यावे लागतात.

खरी हुशारी मला ढोल पथकात दिसते. आई प्रेमाला परवानगी देत नाही, संस्कृतीला देते. गणपतीच्या दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी मैदानावर सराव असतो. मुलगी ध्वज नाचवते, मुलगा कमरेला ढोल बांधतो आणि साडेनऊला दोघं घामाघूम होऊन आपापल्या घरी जातात. तिथे त्यांचं कौतुक होतं, वर हळदीचं दूध मिळतं. पन्नास ढोल एकदम वाजत असताना बोलणं अशक्य, त्यामुळे कार्यकारिणीसुद्धा निरुपयोगी ठरते. दोघांना सगळं भुवयांवर भागवावं लागतं. मी पाहिलेल्यांपैकी जी दोन-तीन प्रकरणं वर्षाच्या पुढे टिकली, ती सगळी ढोल पथकातली. मधे कोणी बोलणारं नसलं, की प्रकृती सुधारते असा माझा अंदाज आहे.

जुन्या नाशकात हीच सोय रंगपंचमीला होते आणि तिथेच पोरं सापडतातही. पेशवेकाळापासूनच्या रहाडी म्हणजे जमिनीतले दगडी हौद. वर्षभर बुजवून ठेवलेले असतात आणि रंगपंचमीला उघडतात. शनि चौकात, तिवंध्यात, दिल्ली दरवाज्याला पोरं त्यात धपाधप उड्या मारतात. पण प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि तो रंग पक्का. आपल्या गल्लीतल्या रहाडीत जातो असं सांगून गेलेला मुलगा भलत्याच रंगात माखून घरी आला, की आईला कोणाकडे चौकशी करावी लागत नाही. गुप्तहेर ठेवण्यापेक्षा ही पद्धत स्वस्त पडते.

कॉलेज रोडच्या हवेतच काहीतरी आहे म्हणावं, तर त्याला आधार आहे. ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ हे १९६१चं नाटक लिहिणारे वसंत कानेटकर इथेच एचपीटीत प्राध्यापक होते. कच्चा माल त्यांना वर्गाच्या खिडकीतून दिसत असणार. आणि मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त तरी काय वेगळं आहे? आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं, आवडती मुलगी समोर आली की तोंडाला कुलूप, आणि मित्रांत बसलं की चर्चाच चर्चा.

ब्रेकअप हे मात्र पूर्वीच्या पिढीला नसलेलं काम आहे, कारण आमच्या वेळी मुळात सुरू काय झालं हेच कळत नसे, तर संपलं काय हे कुठून कळणार? आता त्याला रीतसर विधी आहेत. आधी डीपी काढतात. मग स्टोरीला एक दर्दभरं गाणं लागतं, जे सगळ्या जगाने बघावं पण ते एकीसाठीच असतं. मग वस्तूंची देवाणघेवाण. ती अर्थातच कार्यकारिणीमार्फत होते: हुडी इकडे, कीचेन तिकडे, वाढदिवसाचा फोटोंचा कोलाज कोणालाच नको. खरा पेच पडतो जर्नलचा. त्याच्या बायोलॉजीच्या जर्नलमधल्या आकृत्या तिने काढलेल्या असतात, तिचे फिजिक्सचे तक्ते याने भरलेले असतात आणि सबमिशन चार दिवसांवर आलेलं असतं. ‘‘तिला सांग, बेडकापर्यंत काढून दे, मग बोलू नको म्हणावं,’’ हा निरोप मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. बेडकापर्यंत येता येता सात जोड्यांपैकी चार परत जुळतात. बाकी कोणाला नसलं, तरी जर्नलला विवाहसंस्थेबद्दल आस्था असावी.

आणि फेब्रुवारी. व्हॅलेंटाइन डेच्या विरोधात इतकी वर्षं इतक्या लोकांनी इतकी निवेदनं दिली, फुलवाल्यांना दम भरले, कशानेही फरक पडला नाही. ते काम अखेर परीक्षा मंडळाने केलं. पूर्वी बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर कधीतरी सुरू व्हायची. २०२५ साली ती ११ तारखेला सुरू झाली. १४ फेब्रुवारीला गुलाब घेऊन उभा राहणार कोण? ज्याच्यासाठी उभं राहायचं ते माणूस उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधतंय. कुठल्याही संघटनेला जे जमलं नाही, ते मंडळाने एका वेळापत्रकात करून दाखवलं. तेही कोणाचं नाव न घेता.

एका गोष्टीत मात्र कार्यकारिणी एकदम अडाणी असते. ती आय किती हे मोजते, आडनाव मोजत नाही. घरी पहिल्यांदा आडनावच विचारतात. २०१६ साली ‘सैराट’ बघायला सगळं नाशिक लोटलं, पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचली आणि शेवट बघून बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलेना. घरी गेल्यावर पुन्हा तेच. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती कोरून ठेवली आहे. आईची अखंड सेवा करणारा, अमका पराक्रमी, तमका दानशूर, आणि चारी वर्णांची सरमिसळ थांबवणारा. ‘आमचा मुलगा तसला नाही हो’ हे वाक्य नाशकात इतकं जुनं आहे आणि दगडात आहे. पुढे त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीने शक महाक्षत्रपाची मुलगी बायको म्हणून घरात आणली; तो लेख लांब कान्हेरीला आहे. आजीबाईंच्या डोळ्यांसमोर नको म्हणून तिकडे कोरला असेल.

या बलश्रीच्या वंशातल्या, म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, त्या चिरंजीवांच्या मातोश्री मला परवा लिफ्टमध्ये भेटल्या.

‘‘काका, तुम्ही रोज गोदापार्कला जाता ना? आमचा तिकडे दिसतो का हो कधी? मला म्हणतो, लायब्ररीत असतो.’’

आता काय सांगणार? दप्तर, वेफर्सचं पाकीट, गुलमोहर सगळं डोळ्यांसमोरून गेलं. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं बोललो तर त्या दोघांचं काय झालं असतं ते मला माहीत होतं. ऐनवेळी जे तोंडात आलं ते बोलून मोकळा झालो.

‘‘छे हो, मी हल्ली तिकडे जातच नाही. बिबट्या आहे ना.’’

‘‘अगं बाई! खरंच?’’

‘‘कुत्रं नेलं म्हणतात.’’

लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: गोदापार्क परिसरात बिबट्याचा वावर, मुलांना एकटं पाठवू नये, सर्वांना कळवा. सोबत फोटो. फोटोतल्या बिबट्याच्या मागे बर्फ होता. रात्री आठपर्यंत तोच मेसेज मला मेहुण्याकडून, भिशीच्या ग्रुपवरून बायकोकडून आणि देवळालीहून एका जुन्या सहकाऱ्याकडून आला. त्याच्या मेसेजमध्ये बिबटे दोन झाले होते. दुसऱ्या दिवसापासून चार इमारतींतल्या पोरांना सहानंतर फाटकाबाहेर सोडायचं बंद झालं. लायब्ररीसुद्धा बंद, कारण तिचा रस्ता तिकडूनच जातो.

तिसऱ्या दिवशी मी घरातल्या घरात फेऱ्या मारून कंटाळलो आणि खाली पार्किंगमध्ये चालायला उतरलो. कार्यकारिणी पाण्याच्या टाकीशेजारी बसलेली होती. ॲक्टिव्हा, हेल्मेट, पहारेकरी, सगळे. वकीलबाई कंपाउंडच्या भिंतीपलीकडून फोनवर. चिरंजीव उठला. या वेळी त्याने नाडी बांधली नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाला,

‘‘काका, तो बिबट्या आमचा होता.’’